मुद्दल संपल्यावर

हडर्सफील्डच्या इस्पितळात, सहाव्या मजल्यावर,
मला तासाला बावीस पौंड मिळतात
दुसऱ्याचं 'मी' बोलायचे.

खाटेवर मोरेश्वर तळपदे, वय एक्क्याऐंशी,
एकतीस वर्षं बिल्डिंग सोसायटीच्या काउंटरवर.
इंग्रजी माझ्याहून चांगलं होतं म्हणे.
मेंदूत गुठळी झाली त्या रात्री तेवढंच नेमकं गेलं,
मराठी राहिली, तीही लहानपणीची,
मासळीबाजारात भाव करायची.

डॉक्टर फिन्ली, तरुण, बुटांना चिखल, विचारते:
यांचा सगळ्यातला इंटरेस्ट गेलाय का?
मी अडते.
रस म्हणू? रस उसाचा, आंब्याचा.
स्वारस्य म्हटलं तर सरकारी कागद वाचल्यासारखं.
तोवर म्हातारा तो एवढा एक शब्द ओळखतो,
वाकड्या ओठाच्या कडेनं हसतो:
"कितीनं देतायत? साडेचार टक्के?"
नियम म्हणतो, जे बोललं जाईल ते सगळं सांगा.
मी सांगते.
डॉक्टर हसत नाही.

मग आम्ही इच्छेवर येतो.
जेवायची? नाही. घरी जायची? नाही.
मुलीला बोलवू का, कॅनडाहून? "तिला कुठली सुट्टी."
काठी घेऊन चालायचा सराव? पुढचा उन्हाळा?
"इच्छा अशी काही उरली नाही हो."
मी इंग्रजीत म्हणते, मला इच्छा उरली नाही.
नेहमीसारखंच, माझ्या तोंडून, पहिल्या पुरुषात,
आणि घोटभर गार पाणी
चुकून छातीवर सांडावं तसं ते मला लागतं.
ती फॉर्मवर एका चौकोनात खूण करते.
कुठल्या, ते मला इथून दिसतं.

"पण काय हो," तो म्हणतो, माझ्याकडे बघून,
"तो समोर क्रेनमध्ये बसतो ना,
त्याला लघवीला लागली तर काय करतो?
मंगळवारपासून बघतोय. एकदा चढला की उतरत नाही.
फक्त वारा सुटला की खाली येतो,
आणि जाताना क्रेनचा हात मोकळा सोडून जातो.
बांधत नाही. वाऱ्याबरोबर फिरू देतो.
विचारा ना तिला, असं का?"

"तुम्हाला जायचंय का वर?" मी विचारते.
हे मी विचारायचं नसतं.
"छे! मला काय करायचीय ती क्रेन?
असू दे तिथंच. मी बघतोय."

सगळं सांगते मी डॉक्टरला, लघवीसकट.
ती पहिल्यांदा खिडकीकडे वळते,
पेनाचं टोपण दातांत धरून बघत राहते.
"मला नाही माहीत," म्हणते. "खरंच, का बरं?"
खूण मात्र तशीच राहते.

याच्या काउंटरवर असं कधी झालं नसेल.
मुद्दल काढून नेलं की व्याज बंद,
हे त्यानं किती जणांना समजावलं असेल, काचेपलीकडून.
इथं खातं रिकामं,
आणि व्याज रोज जमतंय खिडकीपाशी,
कुणाच्या नावावर, त्याला पर्वा नाही.

पावतीवर सही. पन्नास मिनिटं, तास धरतात.
उतरताना लिफ्टमध्ये हेरंबचा फोन.
एकोणीस वर्षं मी त्याला हवी आहे, अजूनही.
लवकर ये, म्हणतो, आणि मनापासून म्हणतो.
पण आज कोण होतं, काय म्हणालं,
कुठल्या शब्दापाशी अडलीस,
हे काही नाही.
तसंही पेशंटचं बाहेर सांगायची मला परवानगी नाही.
तो विचारत नाही,
म्हणून माझ्याकडून नियम कधी मोडत नाही.

थांब्यावर मान वर करते.
वारा आहे. क्रेनचा लांब हात हळूहळू वळतोय,
आधी स्टेशनच्या घड्याळाकडे, मग इस्पितळाकडे,
कुणी न वळवता.
उतरला असेल का तो? केबिनमध्ये काहीतरी पिवळं दिसतंय,
जाकीट असेल, नुसतं टांगलेलं.
बस येते, दार उघडते.
मी हात केलेला नव्हता.
पुढची वीस मिनिटांनी आहे.